पेन्सिलीची हजेरी

वानखडे मावशींना माणसं मोजायची सवय होती. गाडीत बसल्या की मागे वळायच्या, तर्जनी हवेत नाचवत "एक, दोन, तीन, चार" म्हणायच्या आणि मग "चला." गाडीत आम्ही दोघीच असलो तरी "एक, दोन, चला." अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या कॉलनीत आरती झाली की प्रसादाआधी मुलं मोजायच्या. एकदा देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये मोजणीत एक पोर जास्तीचं निघालं. ते कुणा गुजराती कुटुंबाचं होतं. त्याची आई धावत येईपर्यंत मावशींनी त्याचा हात सोडला नाही, आणि ती आल्यावर तिला हिंदीतून अशी झापली की ती बिचारी "सॉरी टीचर" म्हणून गेली. मावशी शिक्षिका आहेत हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं.

विदर्भातल्या खेड्यांमध्ये, जिल्हा परिषदेच्या शाळांवर चौतीस वर्षं काढून ही बाई सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आली होती. मुलगा नीलेश माझा शेजारी. तो आणि मी दोघंही आयटीतले, दोघंही व्हिसावर, त्यामुळे दोघंही भित्रे. मावशींना भीती कशाचीच नव्हती. ठेंगणा बांधा, सुती पातळ, पायांत नीलेशने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत लाल, निळा, काळा आणि हिरवा असे चार पेन, कारण "कोणता शेरा कोणत्या रंगात मारावा लागेल, सांगता येते का?"

तिसऱ्याच आठवड्यात त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. "काय करून राहिली गं, पुणेवाली?"

"मावशी, मीटिंग चालू आहे."

"बोलून तर नाही राहिली तू."

खरं होतं. त्या मीटिंगमध्ये दोन वर्षांत मी कधीच बोलले नव्हते.

त्यांना शाळा बघायची होती. कोपऱ्यावरच्या शाळेत त्या सकाळीच जाऊन आल्या होत्या, पण दारावरच्या माणसानं आधी अपॉइंटमेंट विचारली, मग ओळखपत्र. "शाळेत जायला बाईला पास लागते!" हा धक्का त्यांना बरेच दिवस पुरला. मी सुटका करून घ्यायची म्हणून म्हटलं, आजची शाळा नाही तर जुनी बघा, लायब्ररीत जुन्या शाळांचे कागद असतात. सुटका कसली होतेय! जवळच्या लायब्ररीनं शेजारच्या काउंटीच्या लायब्ररीचा पत्ता दिला, आणि पुढचे पाच महिने दर मंगळवारी माझा लॅपटॉप, मी आणि मावशी चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून तिथल्या दुसऱ्या मजल्यावर जात राहिलो.

तिथल्या जुन्या कागदांच्या विभागाची आर्काइव्हिस्ट मेगन ही तिशीतली, हातभर फर्नची पानं गोंदवलेली, अतिशय गोड मुलगी. तिनं मावशींसमोर नोंदणीचा फॉर्म ठेवला. 'संस्था' या रकान्यात मावशींनी आपल्या शेवटच्या शाळेचं नाव गाव-तालुक्यासकट लिहिलं. 'विषय' या रकान्यात लिहिलं, अमेरिकेच्या शिक्षणाचा इतिहास.

"ओह, वंडरफुल," मेगन म्हणाली. "एनी पर्टिक्युलर पीरियड?"

"फुल," मावशी म्हणाल्या.

मेगनला हसू आवरेना. विषय थोडा लहान करूया का, असं तिनं विचारल्यावर मावशींनी क्षणभर विचार केला आणि मला म्हणाल्या, "तिला विचार, हजेरीपट आहेत का? इतिहास पुस्तकात लिहितात, पण शाळा कशी चालली ते हजेरीपटातच कळते."

आर्काइव्हचे नियम कडक. पिशवी लॉकरमध्ये, हात धुऊन कोरडे, एका वेळी एकच फाइल, आणि आत फक्त पेन्सिल. मेगननं मावशींचे चारही पेन काढून घेतले आणि पिवळ्या पेन्सिलीचा एक तुकडा हातात दिला. मावशी गंभीरपणे म्हणाल्या, "शेकडो पोट्ट्यांचे पेन काढून घेतले मी. आज फिटलं." एका वेळी एक फाइल हा नियम मात्र त्यांना फार आवडला. असा नियम आमच्या केंद्रप्रमुखांच्या टेबलावर पाहिजे होता, असं त्यांचं मत पडलं.

पहिल्याच दिवशी अनर्थ ओढवला. मेगननं करड्या खोक्यातून एक जुनं रजिस्टर काढून मऊ उशीवर अलगद ठेवलं. मावशींनी चष्मा चढवला, तर्जनी जिभेला लावली आणि पान उलटलं. मेगनच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. घरी येताना मावशी त्या बोटाकडेच बघत होत्या. आयुष्यभर ज्या बोटानं वह्या तपासल्या, त्या बोटानं दगा दिला होता. पुढच्या मंगळवारी त्या तर्जनीवर जाड बँडेज गुंडाळून आल्या. नीलेश काळजीनं विचारत होता, कापलं का, दाखवूया का डॉक्टरला? "काही कापलं नाही रे. बोट सस्पेंड केलं मी." महिनाभरानं खोड गेली आणि बोट कामावर परत घेतलं.

मावशींचं इंग्रजी पाचवीच्या पुस्तकाएवढं होतं, पण अक्षर कुणाचंही वाचायच्या. गिचमिड, वळणदार, शाई फुटलेलं, काहीही. "हे तर काहीच नाही, आमच्या साहेबांचं अक्षर पाहायचं होतं." त्या एकेक ओळ वाचून मला अर्थ विचारायच्या, आणि मी कानात मीटिंग ठेवून सांगायचे. एका मंगळवारी जुन्या शिक्षण खात्याच्या पत्रांमध्ये त्यांना एक पत्र सापडलं. कृष्णवर्णीय मुलांसाठी तेव्हा वेगळ्या शाळा असत. तशाच एका एकखोली शाळेतल्या, हॅटी ब्राउन नावाच्या शिक्षिकेनं साहेबाला लिहिलेलं. छप्पर गळतं आहे. शेगडीची लाकडं आली नाहीत. खडू संपले. मागच्या दोन पत्रांची कृपया दखल घ्यावी.

मावशी मोठ्यानं हसल्या. त्या शांत खोलीत भांडं पडल्यासारखा आवाज झाला. "अगं, हे माझंच पत्र आहे! लाकडांच्या जागी बसायच्या टाटपट्ट्या लिही फक्त." मग त्यांना एकच ध्यास लागला, या बाईला उत्तर आलं का? तीन मंगळवार त्यांनी साहेबाच्या जावक पत्रांचं खोकं उपसलं. उत्तर नव्हतं. "मलाही नाही आलं," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिलीनं आपल्या वहीत लिहून ठेवलं.

त्या हसण्यानं एक गोष्ट मात्र झाली. शेजारच्या टेबलावर दर मंगळवारी जांभळी हॅट घातलेली एक म्हातारी कृष्णवर्णीय बाई बसायची. ती काठी टेकत आमच्याकडे आली आणि पत्राकडे बघून म्हणाली, "ही माझी आई."

त्या मिस अर्लीन. वय चौऱ्याऐंशी. आईची ती शाळा चर्चच्या आवारात पडायला आली होती, ती जपायची म्हणून आता दुरुस्ती चालू होती. दारावर तिथल्या शिक्षिकांच्या नावांची पाटी लागणार होती. पण घोडं पेंड खात होतं ते हॅटीबाईंच्या नावापाशी. समितीचे प्रमुख एक निवृत्त इतिहासाचे प्राध्यापक होते, सरळ माणूस, पण कागदापलीकडे एक शब्द न बोलणारा. त्यांनी हॅटीबाईंचं रजिस्टर तपासलं आणि त्यांना दिसलं, की ऐन तंबाखूच्या काढणीच्या दिवसांतही सगळी मुलं रोज हजर. त्या दिवसांत त्या भागातली पोरं शेतात असायची हे तर सगळ्यांनाच ठाऊक. म्हणजे रजिस्टर खोटं. खोटं रजिस्टर लिहिणारीचं नाव पाटीवर कसं लावायचं? पंधरा दिवसांनी समिती मत घेणार होती.

"माझी आई खोटारडी नव्हती," मिस अर्लीन म्हणाल्या. "मला तिचं नाव त्या पाटीवर वाचायचं आहे. आता माझ्याकडे फार मंगळवार उरले नाहीत."

मावशींनी ते रजिस्टर मागवलं. चष्मा पुसला, चार पानं पाहिली आणि मान डोलावत म्हणाल्या, "खोटंच आहे हे."

मी टेबलाखालून त्यांना पाय मारला. हे वाक्य मी भाषांतर करणार नव्हते, पण 'फॉल्स' हा शब्द मावशींना येत होता. "फॉल्स," त्या म्हणाल्या, "फुल फॉल्स." मिस अर्लीनचा चेहरा पडला. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी लॅपटॉपसकट आत जावं.

"बघ ना," मावशी मला सांगत होत्या, "महिनाभराची शाई एकसारखी. एका बैठकीत भरली आहे. रोज भरली तर कधी शाई फिकी, कधी घाई, कधी डाग. साहेब येणार म्हटलं की अशी भरतात. मीही भरली आहे." मग त्यांनी मेगनला विचारून उशी खिडकीकडे सरकवली, पान उन्हात तिरकं धरलं आणि नाक कागदाला टेकेल इतक्या वाकल्या. वर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि तोंडभर हसू होतं.

"पेन्सिल," त्या म्हणाल्या. "शाई साहेबासाठी, पेन्सिल आपल्यासाठी."

मग आम्हालाही दिसलं. शाईच्या खुणांच्या चौकोनांत, कोपऱ्यात, कुठे कुठे एक बारीक ठिपका होता. मुंगीच्या डोक्याएवढा. काही चौकोनांत होता, बऱ्याच चौकोनांत नव्हता. ज्या दिवशी पोर खरंच आलं, त्या दिवशी ठिपका. आणि शुक्रवार संपून सोमवार सुरू होतो तिथे दोन रकान्यांच्या मधे जी कोरी फट होती, त्या फटीतही ठिपके होते.

"या फटीत काय असते?" मावशींनी विचारलं. "शनिवार-रविवार शाळा नाही ना?"

मिस अर्लीन हळूच खुर्चीत बसल्या. "रविवार," त्या म्हणाल्या. "चर्च झालं की आई मुलांना थांबवून घ्यायची. मी पाच वर्षांची असेन, पुढे बसायचे. मला वाटायचं हे बायबलचे धडे आहेत. पण आम्ही तिथे अपूर्णांक शिकायचो. येशूला अपूर्णांक कशाला लागतात, हे मला आजपर्यंत कळलं नव्हतं."

त्यानंतर त्या खोलीत जे हसणं झालं, त्याला मेगननंही शांत राहा म्हटलं नाही. तीच सगळ्यात जास्त हसत होती.

आता हे समितीला कुणीतरी सांगायला हवं होतं. ठिपके काय, कुणीही म्हणेल पेन्सिलीचे डाग आहेत. त्यांचा अर्थ सांगायचा तर अशी हजेरी स्वतः भरलेलं माणूस पाहिजे. नीलेशला हे कळलं तेव्हा तो पांढराफटक पडला. त्याच्या हॉलमध्ये काचेच्या चौकटीत आईचं आदर्श शिक्षिकेचं प्रमाणपत्र लावलेलं होतं, वर्गाच्या सलग शंभर टक्के उपस्थितीबद्दल. भारतातून येताना त्यानं ते स्वेटरमध्ये गुंडाळून आणलं होतं.

"आई, प्लीज! तू व्हिजिटर व्हिसावर आहेस. पब्लिक मीटिंगमध्ये उभं राहून 'मी खोटे रेकॉर्ड केले' असं कोण सांगतं यार?"

"जिनं केले ती सांगते."

"आणि हे सर्टिफिकेट? तू मला कधी बोलली नाहीस!"

"तू विचारलं नाही. चौकट चांगली होती, म्हणून मी गप्प बसली."

विनोद करत होत्या, पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, हे नीलेशच्या बायकोनं, केतकीनं मला सांगितलं. मुलगा त्या चौकटीकडे बघून मोठा झाला होता. ती त्याच्यासमोर फोडायची होती.

समितीच्या बैठकीला चर्चच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं होती. मिस अर्लीन पहिल्या रांगेत, हॅट मांडीवर. नीलेश सगळ्यात मागे, दाराजवळ, म्हणजे पळता येईल असा. मावशी उभ्या राहिल्या, सवयीनं सगळ्यांना बोटानं मोजून घेतलं, आणि आपल्या पाचवीच्या इंग्रजीत सुरू झाल्या. अडल्या तिथे मी होते.

"माझ्या वर्गात चाळीस मुलं. कापूस वेचायचे दिवस आले की अकरा. आईबाप शेतात, मोठी बहीण धाकट्याला सांभाळते. वर्गात मुलं कमी दिसली की साहेब एक शिक्षक उचलतात. मग वेचणी संपून मुलं परत येतात तेव्हा शिकवायला माणूस नाही. म्हणून मी शाईनं सगळ्यांना हजर केलं. चौदा वर्षं केलं. मला त्याचं बक्षीस मिळालं, ते माझ्या मुलानं भिंतीवर लावलं आहे. ते खोटं आहे." इथे त्या थांबल्या. मागे दाराजवळ नीलेश उभा होता, तो पळाला नाही. "पण पेन्सिलीनं मी ठिपके द्यायची. कोण आलं नाही ते मला माहीत पाहिजे ना! दुपारच्या सुट्टीत मी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर जायची. तिथे पाढे घ्यायची. ज्यानं धुऱ्यावर पाढे म्हटले त्याला फटीत ठिपका. हॅटी मॅडमनंही तेच केलं, रविवारी चर्चनंतर. आम्ही दोघींनी साहेबाला फसवलं. मुलांना नाही फसवलं."

प्राध्यापकांनी रजिस्टरच्या मोठ्या केलेल्या प्रती पुढे ओढल्या. खिशातून पेन्सिल काढली आणि एकेक नाव तपासू लागले. पाऊण तास तो माणूस मान खाली घालून मोजत होता आणि मावशी त्याच्यासमोर उभ्या होत्या, वर्गात एखाद्या मुलाचं गणित सुटेपर्यंत बाई उभ्या राहतात तशा. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"ज्या मुलाला आठवडाभरात एकही ठिपका नाही," ते म्हणाले, "त्याला बहुतेक वेळा रविवारच्या फटीत आहे. मी फक्त शाई वाचत होतो." मग मिस अर्लीनकडे वळून म्हणाले, "आय ॲम सॉरी, मॅम."

मत घ्यायची गरजच पडली नाही. परतताना गाडीत नीलेश माझ्या शेजारी बसला होता. मग म्हणाला, "आई, त्या चौकटीत तुझ्या जुन्या हजेरीपटाचं पान लावूया. ठिपक्यांचं. आहे ना अजून?"

"गावी ट्रंकेत आहे," मावशी म्हणाल्या, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच गाडीत बसल्यावर आम्हाला मोजायला विसरल्या.

शाळा उघडली तो दिवस मी पाहिलेल्या सगळ्यात आनंदी दिवसांपैकी एक. पांढरी रंगवलेली एक खोली, काळा फळा, लुटुपुटूची वाटावी अशी बाकं, आणि दारावर पाटी. पहिलंच नाव हॅटी ब्राउन. मिस अर्लीननी ते नुसतं वाचलं नाही, प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवलं. मग त्या मावशींना म्हणाल्या, "हजेरी तुम्ही घ्या."

मावशी फळ्यासमोर उभ्या राहिल्या. हातात रजिस्टरची मेगननं दिलेली प्रत आणि पेन्सिल. पहिलं नाव घेतलं. मागून नव्वदीच्या घरातला एक माणूस काठीवर जोर देत उठला आणि शाळकरी आवाजात म्हणाला, "प्रेझेंट, मॅम." ठिपका. दुसऱ्या नावाला उत्तर आलं नाही. मग एक चाळिशीची बाई उभी राहिली. "ते गेले, मॅम. मी त्यांची नात."

"चालते," मावशी म्हणाल्या, "घरचं कुणी आलं तरी चालते," आणि ठिपका दिला. मग काय, प्रत्येक नावाला कुणी ना कुणी उभं राहू लागलं, मुलं, नातवंडं, पुतणे, एका ठिकाणी तर नुसता शेजारी. अख्ख्या वर्गाची हजेरी लागली, यावेळी पेन्सिलीनं. यादी संपल्यावर मावशींनी खाली आणखी एक नाव लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "अर्लीन ब्राउन."

"मी पटावर कधी नव्हतेच," मिस अर्लीन म्हणाल्या. "लहान होते."

"आता झाली मोठी. आमच्या शाळेत हजर म्हणतात. म्हण."

"हजर," मिस अर्लीन म्हणाल्या. त्यांच्या दक्षिणी हेलात तो शब्द चांगला दोन फूट लांब झाला.

पंधरा दिवसांनी मावशींचे सहा महिने संपले. विमानतळावर नीलेश आणि केतकी होते, मी होते, सुट्टी काढून आलेली मेगन होती आणि जांभळी हॅट घातलेल्या मिस अर्लीन होत्या. मावशींनी रडायला कुणालाच सवड दिली नाही. पासपोर्ट कुठे, चष्मा कुठे, आणि आर्काइव्हच्या पेन्सिलीचा तुकडा चुकून पिशवीत आलाय तो मेगननं परत घ्यावा की नाही, यातच वेळ गेला. मेगन म्हणाली, ठेवा.

मग त्या सिक्युरिटीच्या रांगेत गेल्या. पांढरे बूट, सुती पातळ, कापडी पिशवी. दोरीच्या पलीकडे दोन वळणं घेऊन झाल्यावर त्या थांबल्या, मागे वळल्या आणि तर्जनी वर केली. मी ओळखलं. एक, दोन, तीन, चार. बोट पाचव्या माणसापाशी आलं, तेव्हा मिस अर्लीननी हॅट काढून उंच धरली आणि अख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "हजर!"

सगळी रांग वळून बघू लागली. मावशींनी पिशवीतून वही काढली, पेन्सिल काढली, मागच्या माणसाला हातानंच थांब म्हटलं आणि तिथेच उभ्या उभ्या पाच ठिपके दिले. मग वही बंद केली.

"चला," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.